डॉक्टर काय म्हणाले

थंडी अचानक वाढली आणि शेडमधल्या मशरूमच्या माना लांब झाल्या. डोकी मात्र शर्टाच्या बटणाएवढीच राहिली. सून टांगलेल्या पिशव्यांच्या रांगांमधून हिंडत एकेक पिशवी फिरवून बघत होती. दोन दिवसांपूर्वी हेच कोंब टाचणीच्या डोक्याएवढे होते, गुच्छागुच्छानं आले होते, आणि तिनं मनातल्या मनात तोडणीचा दिवसही धरला होता. आता बघावं तिकडे नुसत्या पांढऱ्या, बारीक माना.

दुपारी मशरूमचं काम देणाऱ्या संस्थेच्या ताई आल्या. त्यांनी एक गुच्छ तोडून हातात घेतला, शेडच्या दोन्ही बाजूंचे खाली सोडलेले पडदे बघितले, कोपऱ्यातली कोळशाची शेगडी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गारठा पडला होता ना ताई. म्हणून पडदे टाकले. शेगडी पेटवली."

"अहो, ही कोंबडीची पिल्लं नाहीत. यांना हवा लागते. कोंडून ठेवलं की हवेसाठी माना वर काढतात. गुदमरलेत हे सगळे."

सात वर्षं सुनेनं ह्याच शेडमध्ये पिल्लं वाढवली होती. थंडी पडली की पडदे खाली सोडायचे, शेगडी पेटवायची, पिल्लं एका जागी गोळा होतायत का बघायचं, हे तिच्या हातांना आता कुणी सांगावं लागत नव्हतं. आणि परवा अंगणातून आवाजही आला होता, "पडदे टाक गं, गारठा वाढतोय." आवाज सासऱ्यांचा होता. शेडकडे पाठ करून, खुर्चीत बसल्या बसल्याच ते बोलले होते. कोंबड्या गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत शेडमधल्या कामाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. तिला इतका आनंद झाला की आपण काय वाढवतोय ह्याचा विचारच तिनं केला नाही.

ताईंचं बोलणं अंगणापर्यंत गेलं होतं. सून बाहेर आली तेव्हा सासरे खुर्चीतून उठून विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या? गुदमरलेत?"

"मशरूमबद्दल म्हणाल्या, मामंजी."

"हो. ते कळलं मला."

गावात सासऱ्यांना सगळे डॉक्टर म्हणत. डॉक्टरकी म्हणावी तर एवढीच, की शेडच्या दारात डोळे मिटून उभे राहिले तर सहा हजार कोंबड्यांत एखादी घशातून वेगळी वाजतेय हे त्यांना कळायचं. मग सरळ चालत जाऊन ते तीच उचलून आणायचे. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा खराखुरा डॉक्टर महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून यायचा, आधी ह्यांना विचारायचा आणि मग वहीत लिहायचा.

त्यांनी घरातल्या सगळ्यांना एक सवय लावली होती. शेडमध्ये जाताना दार वाजवायचं. दोनदा, मग थांबून एकदा. अचानक दार उघडलं की कोंबड्या बिचकतात, एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढतात आणि खालच्या मरतात. दार वाजलं की त्यांना कळतं, घरचंच माणूस आहे. सून नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला ह्याचं हसू आलं होतं. कोंबड्या काय आतून 'या बसा' म्हणणार आहेत का, असं ती नवऱ्याला म्हणाली होती. पुढे तिलाही ती सवय इतकी लागली की ती स्वतःच्या स्वयंपाकघराचं दारसुद्धा वाजवायची.

मग साथ आली. पलीकडच्या वस्तीवरच्या एका शेडमध्ये कोंबड्या मेल्या आणि हुकूम निघाला, आसपासच्या सगळ्या मारायच्या, आजारी असोत नसोत. डॉक्टरांच्या शेडमध्ये एकही कोंबडी खोकत नव्हती. ते चार दिवस कचेरीत जाऊन हेच सांगत राहिले. पाचव्या दिवशी पांढऱ्या अंगरख्यातली माणसं आली. घरच्यांना कुंपणाबाहेर उभं केलं. मध्येच त्यांच्यातला एक जण बाहेर आला आणि डॉक्टरांना आत घेऊन गेला. अर्ध्या तासानं डॉक्टर परत आले, हातपाय धुतले आणि शेडकडे पाठ करून खुर्चीत बसले. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणाला विचारवलंही नाही. शेडमागे मोठा खड्डा खणला होता. त्यावरची माती अजून खचते. नवरा दर महिन्याला चार टोपल्या माती आणून टाकतो.

घर तेव्हापासून फार शांत झालं. आधी दिवसरात्र शेडमधून एक बारीक कुलकुल चालू असायची. ती थांबली तेव्हा कळलं की घरातल्या घड्याळाला इतका आवाज आहे. डॉक्टर पहाटे साडेचारला उठून बसत. वाऱ्यानं पडदे फडफडले की जेवता जेवता हात थांबवून म्हणत, "पाणी संपलंय त्यांचं." मग आपलं आपल्यालाच कळून खाली बघत. आणि पिसं तर कुठून यायची कोण जाणे. शेड तीनदा धुतली, चुना मारला, तरी फवारणीचं पाणी जमिनीवर पडलं की जुना उग्र वास वर यायचा आणि एखादं पीस तरंगत दाराशी यायचं. सुनेला त्याचा राग यायचा. मेलेल्याला माणसानं किती दिवस झाडून काढायचं?

संस्था आली ती त्याच काळात. कुठल्या तरी लांबच्या देशातले श्रीमंत लोक पैसे देतात, ताईंनी सांगितलं, आणि त्यांना लोकांच्या ताटातलं मांस कमी करायचंय. लोकांना नुसतं सांगून ते होत नाही. म्हणून ज्यांच्या शेडा आहेत त्यांना दुसरं काम द्यायचं आणि जे पिकेल ते मोठ्या स्वयंपाकघरांत पोचवायचं. शहरातल्या दोन दवाखान्यांशी त्यांचं ठरलंही होतं, आठवड्यातले तीन दिवस कोंबडीऐवजी मशरूम.

नवरा कंपनीच्या खाद्याची गाडी चालवायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण थांबलो म्हणून लोक कोंबडी खायचे थांबणार आहेत का?"

"सगळे नाही थांबणार," ताई म्हणाल्या. "पण दुसरं काही पिकलंच नाही तर खाणार काय ते?"

डॉक्टरांनी संस्थेच्या कागदावर सही केली. काय बघून केली हे त्यांनाच ठाऊक.

काम सुनेच्या अंगावर पडलं. भुसा भिजवायचा, वाफवायचा, गार करायचा, पिशवीत थर लावून दाबायचा, बी पेरायचं, दोरीनं तोंड आवळायचं. दुसरा माणूस पिशवी धरायला असला तर काम सरळ होतं. एकटीला पिशवी गुडघ्यांत धरावी लागते. तिच्या गुडघ्यांना आतल्या बाजूनं काळे डाग पडले होते. पण तिला हे काम आवडायला लागलं होतं. पहिली तोडणी झाली तेव्हा तिनं मशरूम सोलल्यासारखे हळूच सुटे केले आणि कितीतरी वेळ नुसते बघत बसली. ह्यात कुणाचा जीव जात नाही म्हणून आवडलं, असं ताई म्हणायच्या. ती 'हो' म्हणायची. खरं तर तिला एवढंच वाटायचं, की हे आपल्याला विचारल्याशिवाय कुणी येऊन मारणार नाही.

एक मात्र राहिलं. ती शेडमध्ये जाताना दार वाजवायची. आत नुसत्या पिशव्या टांगलेल्या, तरी हात आपोआप उठायचा. एकदा अंगणातून डॉक्टर म्हणाले, "वाजवू नकोस गं." आवाज इतका बारीक होता की ती जागीच थांबली. त्यानंतर तिनं सोडलं. न वाजवता आत गेलं की आपण चोरी करायला आलोय असं तिला वाटायचं. गप्पांच्या ओघात तिनं हे ताईंना सांगितलं. ताईंना ते फार आवडलं आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तर असं सगळं असताना त्या थंडीत पीक गेलं, आणि गेलं ते नेमकं नको तेव्हा. शनिवारी पैसे देणारे पाहुणे स्वतः शेड बघायला येणार होते. त्यांच्या मनात भरलं तर इथं शीतखोली होणार होती, आणखी दोन वर्षांचं बी आणि मालाची उचल नक्की होणार होती. आणि इकडे कंपनीचा सुपरवायझर नवऱ्याला सांगून गेला होता, पिल्लं तयार आहेत, सोमवारपर्यंत काय ते कळवा.

"कळवून टाकू," नवरा म्हणाला. तो भाकरी मोडत होता आणि बापाकडे बघत नव्हता. "माना लांब झालेले मशरूम दाखवून कोण पैसे देणार आहे? पिल्लं तरी आपल्याला येतात."

"पिल्लं आली तर शेडमध्ये कोण जाणार? तू गाडीवर असतोस."

"तू आहेस. बाबा आहेत."

डॉक्टरांनी घास तोंडात घातला आणि तो तसाच ठेवून बसले. थोड्या वेळानं उठून बाहेर गेले. मोरीत त्यांनी तो थुंकला हे सुनेनं ऐकलं.

"बघितलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "पिल्लं आली तर मामंजी जगायचे नाहीत. मी उगीच सांगत नाहीये."

नवऱ्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "शनिवार जाऊ दे," तो म्हणाला.

शुक्रवारी ताई डॉक्टरांची तयारी करून घ्यायला आल्या. शेडमधले बिघडलेले मशरूम सुनेनं काढून टाकले होते आणि पडदे वर बांधले होते. मागच्या रांगेतल्या शंभर पिशव्या उशिरा भरलेल्या होत्या, त्यांना नुकते कोंब फुटत होते. निदान दाखवायला काहीतरी होतं. ताईंनी डॉक्टरांचे दोन सदरे बघितले आणि त्यातला जुना घाला म्हणाल्या.

"नव्याला काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नवा फार नवा दिसतो."

मग त्यांनी समजावलं. पाहुणे विचारतील, तुम्ही कोंबड्या का सोडल्या? तेव्हा मनातलं सांगा. अपराधी वाटलं असेल ते सांगा, आता हलकं वाटतं ते सांगा. थोडक्यात बोला, मी त्यांच्या भाषेत सांगेन.

"मनातलं सांगू?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, अगदी मनातलं."

ते मान हलवत राहिले. सून भांडी पुसत ऐकत होती. लग्नाआधी तिनं शहरातल्या एका हॉटेलच्या काउंटरवर तीन वर्षं काढली होती. पाहुण्यांची भाषा बोलायला तिची जीभ अडायची, पण कळायची सगळी. ताईंना हे माहीत नव्हतं आणि सांगायचा प्रसंगही आला नव्हता.

पाहुणे शनिवारी अकराला आले. एकटेच होते, उंच, वाकलेले, सासऱ्यांच्याच वयाचे असतील. बूट चिखलात रुतले तरी त्यांनी तक्रार केली नाही. माणूस चांगला होता, ह्यात शंका नाही. डॉक्टर म्हणतात म्हणून त्यांना वाटलं हे खरेच डॉक्टर, आणि ते स्वतःच्या गुडघ्याबद्दल विचारायला लागले. ताईंनी समजावलं तेव्हा सगळे हसले. डॉक्टरही हसले. सुनेला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय.

मग सगळे शेडकडे निघाले. डॉक्टर दहा पावलं मागे थांबले. दाराशी आल्यावर पाहुणे वळले, ताईंकडे बघून डोळे मिचकावले, आणि हाताची बोटं वळवून त्यांनी दार वाजवलं. दोनदा, मग थांबून एकदा. ताईंनी गाडीत त्यांना ते शिकवलं होतं.

सुनेनं मागे बघितलं. डॉक्टरांचा चेहरा मातीसारखा झाला होता. ते हळूहळू चालत दारापर्यंत आले, दाराला हात लावला आणि कुणी काही विचारायच्या आत बोलायला लागले. ताईंशी नाही, सरळ पाहुण्यांशी.

"माझ्या कोंबड्या आजारी नव्हत्या," ते म्हणाले. "त्या माणसांना बघून त्या सैरावैरा पळत होत्या, त्यांनी लावलेलं प्लॅस्टिक फाडत होत्या. मारायचा धूर सोडायचा तर सगळ्या शेडच्या एका अर्ध्यात पाहिजेत. म्हणून मला बोलावलं. मी असंच दार वाजवलं. असंच. त्या शांत झाल्या. मग मी खाद्याची बादली वाजवत पलीकडच्या अर्ध्यात गेलो आणि त्या सगळ्या माझ्या मागे आल्या. सहा हजार. पायात येत होत्या. बादली ठेवली आणि बाहेर आलो, दार लावलं. तर त्या दारापर्यंत आल्या माझ्यामागे. नखांचा आवाज येत होता दारावर. मी कडी धरून उभा होतो. थांबेपर्यंत उभा होतो."

ते थांबले. पाहुणे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कळत काहीच नव्हतं.

"दर दीड महिन्यानं न्यायला गाडी यायची तेव्हाही त्या मरायलाच जायच्या. मला माहीत होतं. पण तेव्हा पकडणारे वेगळे असायचे, मी घरात जाऊन बसायचो. त्या दिवशी मीच होतो. मला दया आली म्हणून मी हे सोडलं नाही. खोटं कशाला बोलू? मी विश्वासघात केला, आणि आता मला आत जायला तोंड नाही. मशरूम काय, दुसरं काय, मला सारखंच. ह्यांना सांगा हे."

शेवटचं वाक्य ताईंसाठी होतं. ताईंच्या ओठांवरचा रंग गेला होता. त्या पाहुण्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. आवाज छान होता, थोडा कापत होता.

सुनेला एकेक शब्द कळत होता. ताई सांगत होत्या, की एके दिवशी ते दार वाजवून आत गेले आणि सगळ्या कोंबड्या त्यांच्या मागे आल्या, लेकरांसारख्या. तेव्हा त्यांना उमगलं, की ह्या माझ्यावर विश्वास ठेवतात. त्यानंतर त्यांच्यानं एकही मारवेना. ते म्हणतात, मशरूमनं मला त्यातून सोडवलं.

पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ धरून ठेवले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. आठ महिन्यांत सुनेनं त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आता दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून रडत होते, आणि दोघे वेगवेगळ्या गोष्टीवर रडत होते.

ती पुढे होऊन बोलू शकली असती. मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, चार वाक्यं तिला जमली असती. तिनं उघड्या दारातून मागच्या रांगेतल्या कोंबांकडे बघितलं, आणि सोमवारी होकार गेला तर येणाऱ्या पिल्लांच्या गाडीचा विचार केला. तिनं तोंड उघडलं नाही.

पाहुणे अंगणात चहा पीत होते तेव्हा ताई नळावर हात धुवायला आल्या. सून कपबशा विसळत होती.

"तुम्हाला कळलं," ताई म्हणाल्या. त्यांनी विचारलं नव्हतं. सुनेच्या चेहऱ्यावरून त्यांना दिसलं होतं.

"हो."

"मदतीच्या यादीत अठरा घरं आहेत. पाहुण्यांना तसं सांगितलं असतं तर..."

"मी काही म्हटलं का?"

ताईंनी नळ बंद केला. ओढणीला हात पुसत त्या अंगणात परत गेल्या. सुनेनं त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

पाहुण्यांनी जाण्याआधीच होकार दिला. संध्याकाळी डॉक्टर पोटभर जेवले. हात धुऊन पुन्हा पाटावर येऊन बसले.

"ताईंनी सगळं सांगितलं ना त्यांना? जसंच्या तसं?"

नवरा बायकोकडे बघत होता. त्याला ती भाषा येत नव्हती.

"हो मामंजी," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं, शिव्या देतील. एवढी कोंबड्यांची माया असलेला माणूस. पण हात धरले त्यांनी माझे." त्यांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. "ऐकलं सगळं, आणि हात धरले."

त्या रात्री ते गाढ झोपले. सकाळी सात वाजता सुनेला त्यांना हलवून उठवावं लागलं. सोमवारी नवऱ्यानं कंपनीला नाही म्हणून कळवलं, आणि त्याच दिवशी डॉक्टर उठून शेडमध्ये गेले. पडदे बघितले, फवारणीचा पंप उघडून त्याचं वायसर बदललं, आणि पिशव्या भरायला बसले. त्यांचा हात अजून पक्का होता. ते पिशवी धरायला लागल्यापासून काम दुपारपर्यंत आटपायला लागलं. जेवताना मध्येच थांबणं गेलं. पडदे फडफडले तर ते म्हणत, "वारा सुटलाय," आणि पुढचा घास घेत.

सुनेचं मात्र बिनसलं. काम आटपून ती शेडचं दार ओढून घ्यायची आणि कडीला हात लावला की तिला आतून आवाज यायचा. बारीक, पुष्कळ नखांचा. आत टांगलेल्या पिशव्यांतून पाणी ठिबकतंय, दुसरं काही नाही, हे तिला माहीत होतं. तरी आवाज थांबेपर्यंत तिला कडी सोडवायची नाही. मारणारे आले तेव्हा ती कुंपणाबाहेर होती, तिनं काही बघितलं नव्हतं. आता तिला ते सगळं कळलं होतं, ताईंनी ते कसं फिरवलं तेही कळलं होतं, आणि सांगायला माणूस नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो बापाला सांगेल. ताई हल्ली आल्या की कामापुरतं बोलायच्या आणि लवकर निघायच्या.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी दोघं पिशव्या भरत बसले होते. डॉक्टर दोरीला गाठ मारता मारता म्हणाले, "ते पाहुणे परत कधी येणार गं?"

"वर्षानं म्हणाल्या ताई."

"वर्ष काय, निघून जाईल." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "त्यांना एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी माझ्यानं तेवढं बोलवलं नाही."

सुनेच्या हातातला भुसा तसाच राहिला. "मला सांगा ना, मामंजी."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. फार मायेनं बघितलं, आणि मान हलवली.

"तुला नको. तू घरातली, तुला त्रास होईल," ते म्हणाले. "त्यांनाच सांगेन. त्यांना कळतं."

तिनं पिशवीचं तोंड उघडून त्यांच्यापुढे धरलं, आणि ते भुशाचा पहिला थर दाबायला लागले.